जोडलेलीं चाकें आणि मोकळीं चाकें

(नभोवाणीवरील भाषण)

गाडीच्या मागल्या दोन चाकांनीं एकमेकांना जखडून राहावें, कीं ज्यानें त्यानें आपल्या वाट्याचा खड्डा आपण सोसावा, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. हा विषय लोहाराच्या भात्याजवळ शोभेल, दिवाणखान्यांत बसून ऐकणाऱ्यांना त्याचें काय, असें कांहीं श्रोत्यांच्या मनांत येईल. पण आपल्यांपैकीं बहुतेकांनीं केव्हांना केव्हां एस. टी.च्या अगदीं मागल्या बाकावर बसून प्रवास केलेला असेल, आणि एखाद्या आजारी माणसाला रिक्षांत घालून दवाखान्यांतहि नेलेलें असेल. त्या वेळीं आपल्या पाठीच्या कण्यानें जी तक्रार केली, तीच तक्रार ऐकत ऐकत गाड्या बांधणारे कारागीर गेलीं दोनशें वर्षें उपाय शोधीत आले आहेत. त्या शोधाची हकीकत मी सांगणार आहें.

हा वाद अलीकडे ज्या वाहनाच्या निमित्तानें रंगला, तें वाहन आधीं ओळखून घेऊं. अलिबागजवळ नागांवच्या पुळणीवर सुटीच्या दिवसांत फुगीर टायरांच्या चार चाकांवर धांवणाऱ्या लहान गाड्या पुष्कळांनीं पाहिल्या असतील. चालविणारा घोड्यावर बसावें तसा मांड टाकून बसतो आणि मोटारसायकलीसारखें हॅण्डल धरतो. या गाडीला क्वाड म्हणतात. हिची एक जात शेतावर, जंगलांत, बर्फांत ओझें वाहण्यासाठीं असते; दुसरी जात केवळ वेगासाठीं आणि शर्यतीसाठीं असते, तिला स्पोर्ट क्वाड म्हणतात. या दुसऱ्या जातींत मागलीं चाकें बसविण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिल्या तऱ्हेंत दोन्ही चाकें एका अखंड पोलादी दांड्याच्या दोन टोकांना पक्कीं बसविलेलीं असतात, आणि तो दांडा एका झुलत्या भुजेच्या टोकाला धरलेला असतो. ही भुजा म्हणजे स्विंग-आर्म. दुसऱ्या तऱ्हेंत असा अखंड दांडा नसतो. प्रत्येक चाकाला आपली वेगळी भुजा, आपली वेगळी स्प्रिंग आणि इंजिनाची शक्ति चाकापर्यंत नेणारा आपला सांध्यांचा दांडा असतो. हिला स्वतंत्र सस्पेन्शन म्हणतात. थोडक्यांत, पहिल्या तऱ्हेंत चाकें जोडलेलीं, दुसऱ्या तऱ्हेंत मोकळीं.

जोडलेल्या चाकांचें जुनें उदाहरण शोधावयास दूर जावें लागत नाहीं. तापीकांठच्या काळ्या जमिनींतून कापूस आणि नंदुरबारच्या बाजारांत मिरची आणणारी बैलगाडी हेंच तें. तिचा आंस, म्हणजे चाकांचा आडवा कणा, गाडीच्या साट्याला घट्ट बांधलेला असतो. उजवें चाक धोंड्यावर चढलें कीं आंस कलतो, आंसाबरोबर साटा कलतो, आणि आंत बसलेलीं माणसें डावीकडे कलंडतात. धोंडा एका चाकाखालीं, पण त्याचा हिसका साऱ्या गाडीला. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यानें हा हिसका सोसला. कारण त्या बांधणींत मोडण्यासारखें फारसें कांहीं नव्हतें, आणि जें मोडे तें गांवचा सुतार व लोहार मिळून नीट करीत.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा, कारण पुढें तो वारंवार लागणार आहे. चाकें एकमेकांना दोन प्रकारें जखडलेलीं असूं शकतात: एक फिरण्यांत आणि दुसरें उचललें जाण्यांत. बैलगाडीचीं चाकें फिरण्यांत मोकळीं असतात. वळणावर बाहेरचें चाक जास्त फिरतें, आंतलें कमी, आणि त्यांत कोणाचा कोणाला अडथळा होत नाहीं. उचललें जाण्यांत मात्र तीं बांधलेलीं असतात. आगगाडीच्या डब्याचीं चाकें आंसाशीं एकजीव असल्यामुळें फिरण्यांतहि बांधलेलीं असतात. १९०० च्या सुमारास सुरतेकडून तापी खोऱ्याचा लोहमार्ग नंदुरबारास आला, तेव्हां आमच्या भागानें तीहि तऱ्हा पाहिली. झुलत्या भुजेच्या स्पोर्ट क्वाडचीं मागलीं चाकें या दोन्ही अर्थांनीं बांधलेलीं असतात. इतकी आधुनिक गाडी, पण तिच्या मागल्या अंगांत बैलगाडी आणि आगगाडी या दोघींचा वारसा आहे!

आतां सस्पेन्शन या शब्दाकडे वळूं. त्याचा मूळ अर्थ टांगणें असा आहे. युरोपांत जुन्या काळीं श्रीमंतांच्या बग्गीचा सांगाडा चामड्याच्या पट्ट्यांनीं खरोखरच टांगलेला असे. १८०४ सालीं लंडनमध्यें ओबाडाया इलियट या कारागिरानें पोलादी पात्यांच्या दुहेरी कमानी थेट आंसावर बसविण्याची युक्ति काढली. त्यामुळें गाडीचा तळचा जड सांगाडा वगळतां आला, आणि गाडी हलकीहि झाली व मऊहि झाली. आपल्या टांग्याला ज्या कमानी आल्या त्या याच घराण्यांतल्या. माझ्या लहानपणीं नंदुरबार स्टेशनाबाहेर टांगे उभे असत, आणि बैलगाडींतून आलेला खेडूत टांग्यांत बसला कीं त्याला पहिला फरक जाणवे तो या कमानींचा. टांगे गेले, पण तापीकांठीं सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेंत घोड्यांचा मोठा बाजार अजूनहि भरतो.

कमानीनें नेमकें काय केलें? आंस पूर्वींसारखाच अखंड राहिला; पण दोन्ही बाजूंना वेगवेगळी कमान आल्यामुळें तो बैठकीच्या खालीं कलूं शकला. उजवें चाक दगडावर चढलें तर आंस कलतो, उजवी कमान दबते, आणि बैठक पुष्कळशी सरळ राहते. म्हणजे चाकें जोडलेलींच, परंतु त्या जोडीला गाडीपासून थोडें स्वातंत्र्य. पुढें मोटारींनीं हीच तऱ्हा उचलली. मात्र मोटारीचीं मागलीं चाकें इंजिन फिरवितें. तेव्हां तीं एकाच दांड्यानें फिरविलीं तर वळणावर घासणार. यावरचा उपाय मोटारींच्या आधींच सांपडला होता. १८२७ सालीं ओनेसिफोर पेक्योर या फ्रेंच यंत्रज्ञानें डिफरन्शियल नांवाच्या दातेरी चक्रांच्या योजनेचें पेटंट घेतलें. या योजनेनें शक्ति दोन्ही चाकांना मिळते आणि तरीहि एक चाक दुसऱ्यापेक्षां हळू फिरूं शकतें.

कमानीवरच्या अखंड आंसाचें आपल्या देशांतलें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जीप. अमेरिकेंत विलीज कंपनीची लष्करी जीप १९४१ सालीं निघाली. १९४५ सालीं स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीनें १९४७ पासून जीप जोडावयास आरंभ केला. अक्कलकुवा, मोलगी, धडगांव या सातपुड्याच्या मुलुखांत डांबर फार उशिरां पोंचलें. पण जीप त्याच्या किती तरी आधीं पोंचली होती. बाजाराच्या दिवशीं आंत, बाहेर आणि टपावर माणसें घेऊन ती घाट चढत असे. पुढें आणि मागें दोन्हीकडे कमानींवरचे अखंड आंस असल्यामुळें ती तगली. वजन कितीहि घातलें तरी आंसाची जमिनीपासूनची उंची बदलत नाहीं, आणि कमानीचें एखादें पातें तुटलें तरी गाडी घरीं येते.

पण जीपमध्यें बसलेल्यांना तिचा दुर्गुणहि ठाऊक आहे. आंसाच्या मध्यभागीं डिफरन्शियलचा जड लोखंडी गोळा असतो. चाक उसळलें कीं चाक, आंस आणि तो गोळा असें सारें वजन एकदम उसळतें. यंत्रशास्त्राचा एक साधा नियम आहे, तो मी शाळेंत मुलांना चेंडू आणि वरवंट्याचें उदाहरण देऊन सांगत असें. चाकाबरोबर उसळणारें वजन जितकें जास्त, तितकें त्याला आवरणें स्प्रिंगला कठीण. आणि स्प्रिंगला जें आवरत नाहीं तें बसणाऱ्याच्या पाठीला आवरावें लागतें. १ जून १९४८ रोजीं पुणें आणि अहमदनगर यांच्या दरम्यान पहिली एस. टी. धांवली, तेव्हांपासून मागल्या बाकावरचे उतारू हा नियम पुस्तकावांचून शिकले आहेत. कुर्ल्याच्या कारखान्यांतली पद्मिनी मोटार आपल्या पिढीनें पुष्कळ वापरली. तिचीं पुढलीं चाकें स्वतंत्र होतीं, पण मागचा आंस अखंड आणि कमानींवरचाच होता. पुढें बसणाऱ्याला सुख आणि मागें बसणाऱ्याला हिसके, हा अनुभव त्यामुळेंच येई.

इकडे मोटारसायकलीचा इतिहास वेगळ्याच वाटेनें चालला होता. तिला मागें एकच चाक, त्यामुळें जोडण्या-न जोडण्याचा प्रश्नच नव्हता. आरंभींच्या मोटारसायकलींना मागें स्प्रिंगच नसे. खोगिराखालच्या दोन स्प्रिंगांवर सारी मदार. १९२८ सालीं इंग्लंडांत फिलिप व्हिन्सेंट या तरुणानें मागल्या चाकाला धरणारा त्रिकोणी सांगाडा पुढच्या बाजूनें खिळीवर झुलता ठेवून त्याला स्प्रिंगेचा टेकू देण्याची योजना केली. रॉयल एनफील्डची झुलत्या भुजेची बुलेट १९४८ सालीं इंग्लंडांत शर्यतींच्या मैदानांत उतरली, आणि १९५५ पासून तीच गाडी मद्रासेंत तयार होऊं लागली. या भुजेचा आकार चिमट्यासारखा असतो, आणि गॅरेजांतून तिला पुष्कळ ठिकाणीं चिमटाच म्हणतात. दुधाचे कॅन लटकविलेली राजदूत ज्यांनीं खेड्याच्या वाटेवर पाहिली आहे त्यांना या साध्या योजनेची ताकद सांगावयास नको. दोन भुजा, एक खिळी, दोन शॉक-अब्सॉर्बर. तुटलें तर वेल्डिंगवाला जोडून देतो.

जोडलेल्या चाकांचा इतिहास असा बैलगाडी, टांगा, जीप या क्रमानें आला. मोकळ्या चाकांची कल्पनाहि मोटारीच्या बाळपणींचीच आहे. ऑस्ट्रियन यंत्रज्ञ एडमुंड रुम्पलर यानें १९०३ सालीं मागल्या आंसाचे दोन तुकडे करून प्रत्येक तुकडा मध्यभागीं सांध्यावर झुलता ठेवण्याचें पेटंट घेतलें. पुढें जर्मनीच्या प्रसिद्ध फोक्सवॅगन मोटारींतहि हीच कल्पना वापरली गेली. डिफरन्शियलचा गोळा गाडीच्या अंगाला बांधला गेला, आणि चाकाबरोबर उसळणारें वजन कमी झालें.

परंतु मोकळेपणाचीहि किंमत असते. या जुन्या योजनेंत अर्ध्या दांड्याला सांधा फक्त आंतल्या टोकाला असे. वेगांत वळतांना गाडीचें मागलें अंग वर उचललें गेलें तर चाकाची बूड आंत वळे आणि टायरची पकड सुटे. अमेरिकेंत १९५९ सालीं निघालेल्या कॉर्व्हेअर मोटारीवर याच कारणासाठीं टीकेची झोड उठली. राल्फ नेडर यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाचें पहिलें प्रकरण तिच्याविषयींच आहे. १९७२ सालीं अमेरिकन सरकारी खात्यानें चौकशीअंतीं ही मोटार तिच्या काळच्या इतर मोटारींपेक्षां वाईट नव्हती असा निर्वाळा दिला. पण तोंपर्यंत तिचें उत्पादन बंद पडून तीन वर्षें झालीं होतीं. स्वतंत्र हा शब्द ऐकून गाडी आपोआप सुरक्षित होत नाहीं, हा त्यांतला बोध. त्या स्वातंत्र्यालाहि नीट मर्यादा घालावी लागते. पुढें अर्ध्या दांड्यांना दोन्ही टोकांना सांधे देऊन आणि चाकाला वेगळ्या भुजांनीं धरून ही उणीव भरून काढण्यांत आली.

महाराष्ट्रांत मोकळीं चाकें सामान्य माणसाच्या वाट्याला आलीं तीं मात्र महागड्या मोटारींतून नव्हेत. तीं आलीं रिक्षांतून. इटलींत पियाजिओ कंपनीनें १९४६ सालीं व्हेस्पा स्कूटर काढली आणि १९४८ सालीं तिच्याच अंगाला मागें दोन चाकें देऊन आपे नांवाचें तीनचाकी काढलें. आपल्याकडे त्याच सुमारास तीनचाकी वाहन आणण्याच्या उद्योगाशीं नवलमल फिरोदिया यांचें नांव जोडलेलें आहे. बजाज कंपनीला स्कूटर व तीनचाकी बनविण्याचा सरकारी परवाना १९५९ सालीं मिळाला, आणि पुढें पुण्याजवळ आकुर्डीच्या कारखान्यांतून निघालेल्या रिक्षा साऱ्या देशांत पसरल्या. मागें इंजिन असलेल्या रिक्षाच्या खालीं कधीं वांकून पाहावें. मागल्या प्रत्येक चाकाला वेगळी भुजा आहे, वेगळी स्प्रिंग आहे, आणि इंजिनाकडून प्रत्येक चाकाला वेगळा सांध्यांचा दांडा गेलेला आहे. ज्या योजनेला शर्यतीच्या गाड्यांत मोठें अप्रूप, ती योजना आपल्या गल्लीच्या तोंडाशीं कित्येक वर्षें गिऱ्हाइकाची वाट पाहत उभी आहे! लहान गाडींत मागें अखंड आंस आणि त्यावर डिफरन्शियलचा गोळा घातला असता तर उतारूंचे हाल झाले असते. म्हणून स्वस्त गाडीच्या गरजेंतूनच येथें चाकें मोकळीं झालीं.

आतां क्वाडकडे परत येऊं. होंडा कंपनीनें १९७० सालीं अमेरिकेंत तीन फुगीर चाकांची एक गाडी विकावयास काढली. तिला स्प्रिंग मुळींच नव्हती. कमी हवेचे मऊ टायर हेंच तिचें सस्पेन्शन. १९८१ सालीं त्याच कंपनीच्या वेगवान तीनचाकीला मागें झुलती भुजा आली. मोटारसायकल बनविणाऱ्यांनीं आपल्या हातची विद्या वापरली, आणि एका चाकाऐवजीं भुजेच्या टोकाला दोन चाकांचा दांडा बसविला. १९८३ सालीं सुझुकीची चारचाकी आली, १९८५ सालीं तिचीच शर्यतीची चारचाकी आणि १९८६ सालीं होंडाची. तीनचाकींच्या अपघातांमुळें १९८८ सालीं अमेरिकन सरकार आणि कारखानदार यांच्यांत न्यायालयांत करार होऊन तीनचाकींची विक्री थांबली. चारचाकी राहिली, आणि शर्यतीच्या चारचाकींत झुलती भुजाहि राहिली.

ओझ्याच्या क्वाडमध्यें मात्र वारें वेगळें वाहूं लागलें. १९९६ सालीं पोलारिस कंपनीनें आपल्या स्पोर्ट्समन गाडीला मागें स्वतंत्र सस्पेन्शन दिलें, आणि पुढील दहा वर्षांत यामाहा व होंडा यांच्याहि मोठ्या क्वाड त्याच वाटेनें गेल्या. तेव्हां शर्यतीच्या गाडीनें मागें कां राहावें, असा प्रश्न निघाला. पोलारिसनेंच तो धरला. २००३ सालच्या तिच्या प्रीडेटर गाडीला झुलती भुजा होती. २००६ सालच्या आउटलॉ गाडीला स्वतंत्र मागलीं चाकें मिळालीं. येथून खरा वाद पेटला.

दोन्ही पक्षांचें म्हणणें नीट ऐकूं. झुलत्या भुजेचे कैवारी म्हणतात: आमची गाडी हलकी, भाग थोडे, दुरुस्ती सोपी. दोन्ही चाकें नेहमीं जमिनीवर सारखीं टेकतात, त्यांच्यांतलें अंतर बदलत नाहीं. दोन्ही एकाच वेगानें फिरत असल्यामुळें वळतांना आंतल्या चाकाला घसरावेंच लागतें. पण माती-वाळूंत हें घसरणें स्वाराच्या ताब्यांत असतें, आणि शर्यतींत त्याच घसरण्यानें तो गाडी वळवितो. शिवाय भुजा फक्त वर-खालीं झुलते, कलत नाहीं. त्यामुळें वळणावर गाडीचें मागलें अंग डोलत नाहीं. उडी घेऊन सपाट जमिनीवर उतरतांना दोन्ही चाकें एकदम टेकतात.

मोकळ्या चाकांचे कैवारी उत्तर देतात: तुमची भुजा कलत नाहीं, हाच तिचा दोष आहे. दोन्ही चाकांखालीं सारखा उंचवटा आला तर ती चांगली झुलते. पण दगड एकाच चाकाखालीं आला म्हणजे आंस कलतो आणि आंसाबरोबर सारी गाडी कलते. म्हणजे पुन्हां बैलगाडीच! जीपच्या आंसाला कमानीवर कलण्याची जी मोकळीक आहे तीहि तुमच्या क्वाडला नाहीं. शिवाय साखळीचें दातेरी चक्र आणि ब्रेकची तबकडी आंसावर, जमिनीच्या जवळ लोंबते, आणि मधला दगड आधीं तिलाच लागतो. आमच्या गाडींत दगडावर चढलेलें चाक एकटें वर जातें, दुसरें जमीन सोडीत नाहीं, आणि मधली जागा उंच व मोकळी राहते. दिवसभर दगडधोंड्यांतून जावयाचें असेल तर स्वाराचे हात आणि कंबर आमच्या गाडीवर कमी थकतात.

दोन्ही बाजूंचें म्हणणें खरें आहे, आणि म्हणूनच इतिहासानें दिलेला निकाल शिकण्यासारखा आहे. आउटलॉ गाडी पुढें दोन रूपांत विकली गेली. एक स्वतंत्र चाकांची आणि एक अखंड आंसाची. ज्या कंपनीनें मोकळ्या चाकांचा झेंडा उभारला तिलाच शर्यतवाल्यांसाठीं जोडलेलीं चाकें पुन्हां द्यावीं लागलीं. पूर्ण आकाराची ती गाडी आतां निघत नाहीं. यामाहाची रॅप्टर ७०० ही २००६ पासूनची शर्यती क्वाड झुलत्या भुजेवरच टिकली. उलट ओझ्याच्या मोठ्या क्वाडमध्यें स्वतंत्र चाकें रूढ होऊन बसलीं. शर्यतीच्या मैदानानें जोडलेलीं चाकें निवडलीं, जंगलाच्या वाटेनें मोकळीं निवडलीं. जमीन आणि काम यांनीं निकाल दिला. नव्या-जुन्याचा वाद त्यांत गौण ठरला.

आपल्या देशांतले तरुण हा प्रश्न कसा सोडवितात, हेंहि पाहण्यासारखें आहे. सातपुडा आणि नर्मदा ओलांडून धार जिल्ह्यांत पिथमपूर येथें गाड्यांच्या परीक्षेचें मोठें केंद्र आहे. तेथें बाजा या नांवाची विद्यार्थ्यांची स्पर्धा भरत आली आहे. २००७ पासून चाललेल्या या स्पर्धेंत अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी खडकाळ वाटेवर चालणारी एका माणसाची गाडी स्वतः बांधतात, आणि महाराष्ट्रांतलीं पुष्कळ महाविद्यालयें त्यांत उतरतात. ही गाडी क्वाड नव्हे. तींत आसनावर टेकून बसावयाचें आणि चक्र धरून वळवावयाचें असतें. पण वाट दगडांची आणि खड्ड्यांची असते, म्हणून मुलें मागलीं चाकें बहुधा मोकळीं ठेवतात. अखेरीस तासन्‌तास चालणारी एक दमछाकीची परीक्षा असते. तींत सांध्याचें रबर फाटून चिखल आंत गेला किंवा एखादी भुजा वांकली, म्हणजे मोकळेपणाची किंमत त्यांना रोख मोजावी लागते.

हें सारें मी शर्यतींच्या आवडीनें सांगितलें नाहीं. आमचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यापासून वेगळा झाला. त्याच्या दक्षिणेस तापीचें सपाट खोरें आणि उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आहेत. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारें ११५० मीटर उंच आहे, आणि तेथें जाणाऱ्या घाटाच्या वळणांना सातपायरी म्हणतात. अशा मुलुखांत डोंगरावरचे पाडे एकमेकांपासून दूर, मुख्य रस्त्यापासून त्याहून दूर. बाळंतवेणा सुरू झालेल्या स्त्रीला किंवा ताप भरलेल्या मुलाला बांबूला बांधलेल्या झोळींत घालून चार माणसांनीं खांद्यावर खालीं आणावें, ही गोष्ट आमच्या भागांत जुन्या काळची म्हणतां येत नाहीं. झोळी ही सस्पेन्शनची मूळ कल्पनाच आहे. शरीर टांगलेलें, आणि प्रत्येक खांदा आपल्या पायाखालचा दगड वेगळा सोसणारा. चार माणसें दगडांवरून चालतात, पण तो दगड रोग्याच्या पाठीपर्यंत पोंचत नाहीं. वेगाचा प्रश्न वगळला तर कोणतेंहि स्वतंत्र सस्पेन्शन याहून मऊ नाहीं.

म्हणून झोळीच्या जागीं यंत्र आणतांना त्या यंत्रानें झोळीचा गुण टाकूं नये, एवढेंच माझें मागणें आहे. मुंबईंत २०१७ सालीं गर्दींतून वाट काढण्यासाठीं १०८ क्रमांकाच्या सेवेंत मोटारसायकली आल्या. त्या उपचार करणाऱ्याला रोग्यापर्यंत झटकन नेतात, आणि डोंगरांतहि त्यांचा तसा उपयोग होईल. पण रोग्याला आडवें निजवून खालीं आणणें हें वेगळें काम आहे. त्यासाठीं शर्यतींत जिंकलेली क्वाड आणून मागें स्ट्रेचर बांधली, तर एका चाकाखालचा प्रत्येक धोंडा त्या स्ट्रेचरला बैलगाडीसारखा कलवील. ओझ्याच्या क्वाडचीं मोकळीं चाकें तेथें हवींत. पण तेवढ्यानेंहि भागत नाहीं. फाटलेलें सांध्याचें रबर बदलणारा आणि वेळेवर वंगण घालणारा माणूस धडगांवांत असला पाहिजे, आणि सुटे भाग शहाद्याला तरी मिळाले पाहिजेत. तसें होणार नसेल तर कमानीवरची जुनी जीप आणि तिला ओळखणारा ड्रायव्हर हीच अधिक खात्रीची सोय. दुरुस्तीवांचून उभी राहिलेली उत्तम गाडी रोग्याच्या कामाची नाहीं.

शहरांत राहणाऱ्या श्रोत्यांचा याच्याशीं संबंध आहे. डोंगरी भागासाठीं वाहन द्यावें असें आपल्यांपैकीं कित्येकांच्या संस्थांच्या मनांत येतें, आणि बहुधा निवड जाहिरातीवरून, वेगावरून किंवा किंमतीवरून होते. पुढल्या खेपेस निवड करतांना तीन प्रश्न विचारावेत. ही गाडी कोणत्या जमिनीवर चालणार? तींत कोण निजणार? आणि ती मोडली तर कोण, कोठें, किती दिवसांत नीट करणार? इलियटची कमान, जीपचा आंस, बुलेटचा चिमटा आणि रिक्षाचीं मोकळीं चाकें हीं सारीं याच तीन प्रश्नांचीं त्या त्या काळीं दिलेलीं उत्तरें आहेत. ज्यांनीं हे प्रश्न नीट विचारले त्यांच्या गाड्या टिकल्या, मग चाकें जोडलेलीं असोत वा मोकळीं. सातपुड्याच्या पाड्यांवरून खालीं येणाऱ्या रोग्यासाठींहि ते प्रश्न तितक्याच काळजीनें विचारले जावेत, एवढें सांगून मी आपली रजा घेतों.